१९२८ चा पीस डॉलर: निघाला थोडा, पण मिळतो

पीस डॉलर म्हणजे अमेरिकेने १९२१ ते १९३५ च्या दरम्यान पाडलेला चांदीचा डॉलर. त्याचा वर्षवार, टाकसाळवार संच जमवणाऱ्याचं घोडं बहुतेकदा फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतल्या १९२८ च्या नाण्यापाशी अडतं. त्या अख्ख्या मालिकेत सगळ्यात कमी पाडलेलं नाणं हेच, फक्त ३,६०,६४९. याच टाकसाळीने १९२२ मध्ये पाच कोटींहून जास्त पाडले होते! १९१८ च्या पिटमन कायदा या अमेरिकी कायद्याखाली सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि तेवढेच पुन्हा पाडून द्यायचे होते. तो कोटा १९२८ मध्ये संपला, कामही १९३४ पर्यंत थांबलं.

मी घेतलं ते एका नाणे प्रदर्शनात. पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत. ग्रेड एयू-५५, म्हणजे अगदी किंचित वापरलेलं. साडेतीनशे डॉलरच्या आतबाहेर. पैसे वसूल.

हे नाणं आधी झिजतं ते पुढच्या बाजूच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरच्या केसांत. माझ्या नाण्यात तिथे जरा सपाटी आलीय, पण मागच्या बटा सुट्या मोजता येतात. मागच्या बाजूला गरुडाच्या पंखाची वरची कड किंचित घासलीय, खडकावरची 'पीस' ही अक्षरं मात्र ठसठशीत. कडेला फिकट सोनेरी झाक आहे आणि दिव्याखाली कलतं केलं की चमक अजून फिरते. वापरलेला डॉलर पांढराफेक दिसला तर मी आधी धुतल्याचा संशय घेतो. तसल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे हमखास सापडतात.

स्लॅबशिवाय सुटं नाणं मात्र घेऊ नका. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टाकसाळीची खूण नसते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा, 'एस' खूण असलेला १९२८-एस सोळा लाखांवर पाडलेला. त्यावरचा 'एस' खरवडला की झाला दुर्मीळ डॉलर तयार! त्याच प्रदर्शनात एका टेबलावर असलाच एक 'स्वस्तात' ठेवला होता. मागच्या बाजूला 'वन' या शब्दाच्या खाली भिंग धरलं तर तेवढाच ठिपका आजूबाजूपेक्षा गुळगुळीत. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "जुनं नाणं आहे साहेब, झिजणारच." बरोबर तिथेच कसं झिजलं, कोण जाणे. स्लॅबही नकली निघतात, म्हणून त्यावरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकून फोटो ताडून बघायचा.

आता 'दुर्मीळ' या लेबलाबद्दल. संख्या कमी असली तरी संग्राहकांनी हे नाणं वेळीच जपून ठेवलं, त्यामुळे मोठ्या प्रदर्शनात ते दिसतंच. उलट १९३४-एस पाडले दहा लाख अकरा हजार, जवळजवळ तिप्पट, पण ते वापरात झिजून गेले. न वापरलेल्या अवस्थेत त्याची किंमत १९२८ च्या कितीतरी वर जाते. तेव्हा विक्रेता नुसता पाडणीचा आकडा सांगून भाव चढवायला लागला तर हसून पुढच्या टेबलाकडे वळावं. १९२८ साठी एमएस, म्हणजे अजिबात न वापरलेल्या ग्रेडचे जास्तीचे पैसेही मी मोजणार नाही. एयूमध्ये बघण्यासारखं सगळं मिळतं.

स्लॅबबद्दल एकच कुरकुर, नाण्याची कंगोरेदार कड नीट न्याहाळता येत नाही. फोडायची हिंमत अर्थातच नाही. संचातला माझा १९३४-एस व्हीएफ, म्हणजे बऱ्यापैकी वापरलेल्या ग्रेडचा आहे, आणि तो व्हीएफच राहणार.