ऊस घालायचा कुठे? निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सेवेचं परीक्षण

बेळगाव जिल्ह्यात ऊस विकायचा म्हणजे वजन, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी), दर आणि पैसे मिळायची तारीख या चारही गोष्टी घेणाऱ्याच्या हवाली करायच्या. म्हणून चेअरमनसाहेबांचं भाषण आणि दिवाळीची सवलतीची साखर बाजूला ठेवून नोंदीपासून बिलापर्यंतची सेवा कशी आहे, एवढंच इथे तपासलं आहे. सहकारी आणि खासगी असा भेद फारसा केलेला नाही. गेटवर तो जाणवतही नाही.

सुरुवात नोंदीपासून. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा नोंद घेणारा माणूस, येतो, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि नवी लागण की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) एवढं लिहून नेतो. नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून घ्यावा, कारण तोड याच तारखेच्या क्रमाने यायची असते. प्रत्यक्षात डायरेक्टरच्या भावकीतला फेब्रुवारीचा ऊस आधी जातो आणि आधीच्या जुलैत लावलेली आडसाली तुरे काढून उभी राहते. तुरा आलेला ऊस पोकळ पडतो, वजन घटतं. तोडणारी टोळी आली की खुशाली म्हणून वरचे पैसे मागते, ट्रॅक्टरवाल्याची तशीच ‘एंट्री’ वेगळी. तोडणी-वाहतूक बिलातून कापलेली असतानाही हे रोख पैसे जातात आणि कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत. शिव्या मात्र टोळीला बसतात, जिची आगाऊ उचल टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे अडकलेली असते. या टप्प्याला पाचपैकी दोन गुण.

आता काटा. इथे थोडं थांबायला हवं. पावती कन्नडमध्ये असते: ‘ओट्टू तूक’ म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन, ‘खाली तूक’ रिकाम्या गाडीचं, ‘निव्वळ तूक’ आपलं. गाडी चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे का बघावं. दोन ट्रॉल्यांची जोडी असेल तर चाक प्लॅटफॉर्मच्या कडेला टेकलेलं नको. सगळ्यात जास्त घोळ खाली वजनात होतो: गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकायच्या जागी) ऊस टाकल्यावर गाडी परत काट्यावर न घेता कॉम्प्युटरमधलं जुनं वजन ओढलं जातं. ट्रॉलीला मागाहून लोखंडी पट्ट्या मारल्या किंवा टायर बदलले की तो आकडा चुकीचा ठरतो. उपाय साधा आहे. येताना बाहेरच्या धर्मकाट्यावर भरलेल्या आणि परतताना रिकाम्या गाडीचं वजन करून दोन पावत्या घ्याव्यात. फरक दिसला तर तक्रार वैधमापन खात्याकडे, गाडीचा नंबर आणि वेळ घालून. 20 टनाच्या खेपेत 200 किलो कमी लागले तर 3,300 च्या दराने 660 रुपये जातात. माणूस म्हणतो, जाऊ दे. पण दिवसाला 10,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात हाच एक टक्का म्हणजे 100 टन, रोजचे 3 लाख 30 हजार. बाहेरचं वजन चालणार नाही असं सांगणाऱ्या काट्याला शून्य गुण द्यावेत.

गाडी यार्डात दीड-दोन दिवस उभी राहिली तर सुकवण शेतकऱ्याच्या माथी, कारण वजन तोडीच्या वेळी न होता काट्यावर होतं. सोमवारी तोडलेला ऊस बुधवारी काट्यावर जात असेल तर फडावर पुढची तोड थांबवायला सांगावी.

काटा निदान डोळ्यांना दिसतो. उतारा ठरतो प्रयोगशाळेत आणि तिथे शेतकऱ्याचा माणूस नसतो. 2025-26 साठी एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. म्हणजे उतारा 0.1 ने कमी दाखवला की टनाला 34 रुपये 60 पैसे गेले, एकरी 40 टनांना 1,384. बी-हेवी मळीपासून (साखर पुरती न काढता बाजूला काढलेल्या मळीपासून) इथेनॉल काढलं की साखर कमी निघते. तो घटलेला उतारा हिशोबात परत मिळवायचा असतो. तो मिळवला का, हे वार्षिक सभेत लेखी विचारायचा प्रश्न आहे.

11.25 टक्क्यांना टनाचे 3,896 होतात. त्यातून तोडणी-वाहतूक 850 धरली तर हातात 3,046. नोव्हेंबर 2025 मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला शेतकरी 3,500 मागत रस्त्यावर बसले, तेव्हा याच उताऱ्याला तोडणी-वाहतूक वजा जाता 3,300 ठरले, त्यातले 50 सरकारचे. वरचे अडीचशे रुपये रस्ता अडवून मिळाले. तोडणी-वाहतुकीची कपात बहुतेक ठिकाणी सरासरीने होते: गेटपासून पाच किलोमीटरवरचा शेतकरी साठ किलोमीटरवरून आणलेल्या उसाचं डिझेल भरतो.

कारखान्यांचं एक रडगाणं खरं आहे. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाली आणि एफआरपी 275 वरून 355 वर गेली तरी ती हलली नाही. पण वीज, इथेनॉल, स्पिरिट यांचं उत्पन्न एफआरपीच्या सूत्रात धरत नाहीत. रंगराजन समितीने 2012 मध्ये उपपदार्थांसकट उत्पन्नातले 70 टक्के शेतकऱ्याला द्यायला सुचवलं होतं. दर ठरवायला बैठक बोलावतात तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना कारखानदारच असतात, एका बाजूचे आमदार-मंत्री म्हणून. पक्ष कुठलाही असो. पीककर्ज देणाऱ्या बँकेवरही तीच घराणी, आणि कर्जाची वसुली बिलातून. दुसरीकडे ऊस घालतो म्हणणाऱ्याला आधी नील (थकबाकी नसल्याचा) दाखला आणावा लागतो.

या पट्ट्याला एकच सोय इतरांपेक्षा जास्त आहे: सीमा. कोल्हापूरकडचे कारखाने निपाणी भागात टोळ्या पाठवतात, तेव्हा इकडचा दर वर सरकतो. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली होती आणि विरोधानंतर काही दिवसांतच मागे घेतली. साखर देशभर फिरते, ऊस मात्र गेटजवळच थांबावा असं वाटणारे दोन्ही बाजूंना आहेत. पहिली उचल (बिलाचा पहिला हप्ता) आणि कपात यांची तुलना करूनच तिकडे घालावा. लांबच्या वाहतुकीत वाढीव दर संपतो.

पैसे 14 दिवसांत. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात उशिराला वर्षाला 15 टक्के व्याज आहे, पण आपणहून जमा होत नाही, अर्ज करावा लागतो: इकडच्या कारखान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे, पलीकडच्यासाठी पुण्याच्या साखर आयुक्तांकडे. अर्जाला काटापावत्या जोडाव्या लागतात. थर्मल कागदावरचे आकडे उन्हाने काही आठवड्यांत पुसट होतात, तेव्हा घरी आल्याबरोबर झेरॉक्स काढून ठेवावी.