बीच रोडचं आर्मी मार्केट : भरतीला निघालेल्या पोराच्या आईचा अनुभव

सिंगापुरात मुलगा अठराकडे झुकला की आपल्या मराठी घरांतही सरकारी बोलावणं येतं. नवरा पहिल्या पिढीचा पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, त्याला सुटका. मुलगा दुसऱ्या पिढीचा, त्याला दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची सैनिकी सेवा. पीआर घेतला बापानं, पावती फाटली पोराच्या नावानं. चुकवलं तर १०,००० डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही. तेव्हा दोन दिवस रडून घेतलं आणि खरेदीला लागले.

बीच रोडवरच्या गोल्डन माइल फूड सेंटरमध्ये खाली खाण्याचे गाळे आणि वर आर्मी मार्केट. निकोल हायवे स्टेशनवरून चालत जाता येतं. तुळशीबागेतले गाळे हिरव्या रंगात बुडवून काढले तर जसं दिसेल, तसं सगळं. बॅगा, टोप्या, नाड्या, नावपट्ट्या पार छतापासून लोंबतायत आणि मधून एका माणसानं आडवं होऊन जायचं.

पहिल्या खेपेला मी टोपली भरली : तीन प्रकारची डासांची क्रीम, सुईदोरा, छोटा पंखा, दोन टोप्या. गाळ्यावरचे अंकल सत्तरीचे. त्यांनी चष्मा वर केला आणि ‘धिस वन आर्मी गिव्ह, आंटी’ म्हणत एकेक वस्तू परत खुंटीला लावली. अर्धी टोपली रिकामी. दुकानदारानं गिऱ्हाइकाचं बिल स्वतःहून कमी केलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं.

उरलं काय? घामोळ्याची पावडर, पँटच्या पायाला लावायची इलास्टिकं, न पुसणारं मार्कर पेन आणि मोठ्या झिपलॉक पिशव्या. या पिशव्यांचं प्रात्यक्षिकच झालं. एक बनियन, एक अंडरवेअर, मोज्यांचा एक जोड अशी एका दिवसाची घडी एका पिशवीत. तोंड बोटभर उघडं ठेवायचं, पिशवी गुडघ्याखाली दाबून हवा काढायची, मग बंद करून वर दिवसाचा आकडा लिहायचा. जंगलातल्या फील्ड कॅम्पला पाऊस पडतोच, आणि तिसऱ्या दिवशी कोरडे मोजे ज्याच्याकडे असतात तो सुखी. मी घरी येऊन पाच पिशव्या भरून पाहिल्या. हवा शेवटपर्यंत पूर्ण निघाली नाही.

दुसऱ्या खेपेला, पोरगा नव्या भरतीच्या प्रशिक्षणाच्या तेकाँग बेटावरून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा, सासरे बरोबर होते. आबा साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. नातवाचं भादरलेलं डोकं बघून खूश झाले, पण त्यांचा मूळ प्रश्न सुटेना. “आमच्याकडं पोरं पहाटं चारला रस्त्यावर पळत्यात, घ्या आम्हाला म्हणून. हितं नको म्हणणाऱ्याला धरून नेत्यात. आन लढाई कुठाय?”

मी दुभाषी झाले. अंकल स्वतः १९७२ची भरती. ते म्हणाले, आदल्याच वर्षी इंग्रज तळ गुंडाळून गेले, दुसरं कोण उभं राहणार होतं? ९ ऑगस्ट १९६५ला हा देश मलेशियातून बाहेर पडला तेव्हा लोक १९ लाखांच्या आसपास आणि पायदळाच्या बटालियन दोन. तेव्हाचे पंतप्रधान ली कुआन यू यांनी मदतीसाठी शास्त्रीजींनाही पत्र घातलं होतं. शुभेच्छा आल्या, बटालियन उभ्या करण्याबद्दल अक्षर नाही. शेवटी इस्रायलचे लोक आले, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांना ‘मेक्सिकन’ म्हणायचे. १९६७ला सक्तीचा कायदा झाला. शास्त्रीजींचं ऐकून आबा जरा गप्प झाले. “त्या साली आपलंच पेटलं हुतं की,” एवढंच म्हणाले.

आबांना खरं पटलं ते पुढचं. एवढ्याशा देशानं मोठी खडी फौज पोसली तर कामाला हात कुठून आणायचे? म्हणून दोन वर्षं शिकवून माणूस घरी सोडायचा आणि चाळिशीपर्यंत, अधिकारी असेल तर पन्नाशीपर्यंत, सरावाला बोलवत राहायचं. आमचा दातांचा डॉक्टर असाच मध्येच दोन आठवडे गायब होतो. लढाई लागल्यावर शिकवायला घेतलं तर उशीर झालेला असतो, हे हवालदाराला वेगळं सांगावं लागलं नाही. मला मात्र अजून खुपतं. पोरगा युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला बसेल तेव्हा त्याच्या वर्गातल्या मुली तिसऱ्या वर्षाला असतील.

दुकानाकडे परत येते. जादा नावपट्टी शिवून घेतली तर ‘जाधव’मधला ‘एच’ गायब. माझंच अक्षर दिव्य. पंधरा मिनिटांत दुसरी करून दिली, पैसे घेतले नाहीत. काही वस्तू ऑनलाइन स्वस्त पडतात हे खरं, पण मी तिथून मागवलेला टॉर्च दुसऱ्याच रात्री विझला. कपडे घालून बघायला जागा नाही आणि उकडतं भयंकर, म्हणून पाचपैकी चार तारे.

खाली सुप तुलांग जरूर खा. लालभडक रश्शातल्या मटणाच्या नळ्या, आतला मगज स्ट्रॉनं ओढायचा. आबांनी स्ट्रॉ बाजूला ठेवली आणि नळी ताटावर आपटली. शेजारच्या टेबलावरची हिरव्या गणवेशातली चार पोरं बघतच राहिली. हात धुऊन आबा एकटेच परत वर गेले आणि झिपलॉकचं एक पाकीट घेऊन आले. गावी हरभऱ्याचं बियाणं ठेवायला.