एमपीई सोडून जीएसई : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या उपग्रह नेटवर्कच्या हबकडून (मध्यवर्ती केंद्राकडून) दूरच्या टर्मिनलांकडे जाणारी लिंक डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या मानकाची. तरी आयपी ट्रॅफिक मात्र एमपीई या पद्धतीने, म्हणजे मुळात टीव्हीसाठी ठरलेल्या १८८ बाइटच्या टीएस (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम) पॅकेटांत कोंबून जायचं. काही महिन्यांपूर्वी ते जीएसईवर, म्हणजे आयपी पॅकेट टीएसशिवाय थेट लिंकच्या फ्रेममध्ये भरणाऱ्या पद्धतीवर नेलं.

खरा फरक पडला तो छोट्या पॅकेटांना. जी.७२९ या आवाज आकुंचित करणाऱ्या कोडेकच्या कॉलचं आयपी पॅकेट ६० बाइटचं. एमपीईच्या वेष्टनाचे १६ मिळवले की ७६. पण आमचा जुना एन्कॅप्सुलेटर (हे भरण्याचं काम करणारं उपकरण) सेक्शन पॅकिंग, म्हणजे उरलेल्या जागेत पुढचं पॅकेट भरणं, करत नव्हता, त्यामुळे तिथे पॅडिंग भरून अख्खे १८८ बाइट उपग्रहाकडे रवाना! जीएसईत तेच पॅकेट ७० बाइटांत जातं. त्यातला ६ बाइटचा पत्ता गाळायचीही सोय आहे, पण त्याच बेसबँड फ्रेममध्ये (लिंकवरून एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्यात) आधीचं पॅकेट त्याच टर्मिनलचं असेल तरच. कॉलची पॅकेटं २० मिलिसेकंदांनी येतात, आमच्या सिम्बॉल रेटला (लिंकच्या वेगाला) तोवर कितीतरी फ्रेम निघून गेलेल्या असतात. मग ही सोय लाभते डाउनलोडला, जिथे १५०० बाइटांपुढे ६ बाइटांचं कुणाला काय?

मोठ्या पॅकेटांचं म्हणाल तर १५०० बाइटांना आधी ९ टीएस पॅकेटं, म्हणजे १६९२ बाइट लागायचे, आता १५१०. मात्र पॅकिंग चालू असतं तर एमपीईनेही साधारण १५५० मध्ये भागवलं असतं. तेव्हा कुणी मोठमोठे टक्के सांगू लागलं, तर तुलना कोणत्या सेटिंगशी केली ते आधी विचारा.

पावसात मजा कळते. सिग्नल कमजोर झाल्याने मोडकॉड (मॉड्युलेशन आणि कोड रेटची जोडी) उतरला की फ्रेम आक्रसते: ९/१० कोड रेटला (एकूण बिटांतल्या खऱ्या डेटाच्या वाट्याला) सुमारे सव्वासात हजार बाइट मावतात, तर १/४ ला जेमतेम दोन हजार. जीएसई उरलेल्या जागेपुरता तुकडा पाडून बाकीचा पुढच्या फ्रेममध्ये टाकतं. सीआरसी (चूक ओळखणारा तपास-आकडा) फक्त शेवटच्या तुकड्याला, अखंड पॅकेटला नाहीच. तिथे सगळी भिस्त एलडीपीसी-बीसीएच या चूक दुरुस्त करणाऱ्या कोडवर, आणि आजवर त्याने दगा दिलेला नाही.

पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) होता तिथेच आहे. उपग्रहापर्यंतचं ३६,००० किलोमीटरचं अंतर हेडर छाटून कमी होत नाही.

डोकेदुखी झाली ती उपकरणांची. जुनी रिसीव्हर कार्डं फक्त टीएस ओळखतात, ती बदलावीच लागली. एका मोडेमच्या मॉनिटरिंग पानावर तर अजूनही टीएसचाच काउंटर आहे: लिंक भरून वाहतेय आणि आकडा शून्य. अशा वेळी वायरशार्क (पॅकेटं उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उपयोगी पडतो, फक्त त्यातला बेसबँड फ्रेमचा डिसेक्टर (ती फ्रेम उलगडणारा भाग) आधी हाताने चालू करावा लागतो.