'नावडलं'चं बटण गेलं, मग साइटही गेली: नऊ महिन्यांचा अनुभव

दुसऱ्या महिन्यात मी या साइटला पाचपैकी पाच तारे दिले होते. गेल्या आठवड्यात ती कायमची बंद झाली, म्हणून तो अभिप्राय नव्याने लिहितोय. बटण दाबलं की आपल्या आवडीचं एखादं अनोळखी पान समोर येतं, हे तुम्हाला माहीत असेलच. याच तऱ्हेची जुनी साइट स्टंबलअपॉन वापरलेल्यांना तर सांगायलाच नको.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. पहिले दोन आठवडे नुसता गाळ आला: 'या दहा गोष्टी बघाच' छापाच्या याद्या आणि त्याच त्या सूर्यास्ताचे फोटो. मी नेटाने एकेकाला 'नावडलं' करत गेलो. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री समोर आलं क्वीन्सलंड विद्यापीठातल्या डांबराच्या प्रयोगाचं थेट चित्रण. 1927 मध्ये काचेच्या नरसाळ्यात ओतलेलं डांबर, हातोडीने फुटेल इतकं टणक, आणि तरीही ते वाहतंय. त्याचा नववा थेंब सुटला 2014 मध्ये. पडद्यावर काहीही हलत नव्हतं आणि मी वीस मिनिटं त्या लोंबत्या काळ्या गोळ्याकडे बघत बसलो होतो. असं काही जगात आहे हेच ठाऊक नसताना मी ते शोधणार कसं? दुसऱ्याच दिवशी वर्षाचे पैसे भरले. एरवी मी कशाचेच पैसे महिन्याच्या वर आगाऊ भरत नाही.

चौथ्या महिन्यात साइटचं रूपडं बदललं आणि 'नावडलं' गायब झालं. उरला फक्त 'आवडलं'चा बदाम.

एका बटणाचं एवढं काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्या मते सगळं त्यातच आहे. अशा साइटी आपल्यासारख्या आवडीची माणसं हुडकतात आणि त्यांना भावलेलं आपल्याला दाखवतात. डांबराचा थेंब मला आवडला आणि आणखी कुणाला आवडला, एवढ्यावरून आमची आवड जुळते असं होत नाही. पण आम्हा दोघांनाही त्या याद्या नकोशा असतील, तर जुळणी पक्की होते. नकार नोंदवायची सोयच काढून घेतली, की मी न बघितलेलं पान आणि बघून वैतागलेलं पान, दोन्ही यंत्राच्या लेखी सारखीच. मग ज्यावर सगळ्यात जास्त बदाम पडलेत तेच सगळ्यांच्या पुढ्यात येतं. महिन्याभरात माझ्या भावाला आणि मला एकसारखी पानं यायला लागली. आमची आवड एकाही बाबतीत जुळत नाही.

नेटफ्लिक्सने 2006 मध्ये, कुणाला कुठला चित्रपट किती आवडेल याचे आपले अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि 2009 मध्ये एका चमूने ते जिंकलं. त्या स्पर्धेचा कच्चा माल होता एक ते पाच तारे. म्हणजे चिडून एकच तारा देणारे प्रेक्षकही त्यात मोजले जात होते. 2017 मध्ये ताऱ्यांच्या जागी अंगठे आले, तरी खाली वळलेला अंगठा त्यांनी ठेवलाच. स्टंबलअपॉनच्या टूलबारवरही दोन्ही अंगठे होते.

मी साइटच्या मदत विभागाकडे तीन तिकिटं, म्हणजे तक्रारी, टाकली. पहिल्या दोनांना शब्दशः तेच उत्तर आलं, तिसरं 'प्रश्न सुटला' म्हणून परस्पर बंद केलं.

मधे एकदा माझं मत बदललं होतं, तेही सांगायला हवं. पाचव्या महिन्यात तीन टिंबांच्या मेन्यूत 'हे लपवा' सापडलं. वाटलं, चला, बटण नुसतं जागा बदलून बसलंय. दीड महिना इमानाने तेच दाबत राहिलो. लपवलेलं पान जायचं, पण त्याच छापाची चार नवी यायची. त्या 'लपवा'चा शिफारशींशी काही संबंधच नव्हता.

नवव्या महिन्यात ईमेल आला: तीस दिवसांत सेवा बंद. साइट बंद होणं मी समजू शकतो. स्टंबलअपॉन 2007 मध्ये ईबेने साडेसात कोटी डॉलरला घेतली, 2009 मध्ये ती संस्थापकांकडे परत आली, आणि शेवटी 30 जून 2018 ला तीही थांबलीच. पण वापरकर्त्यांना आपलं साठवलेलं सगळं 'मिक्स' या नव्या सेवेत नेता येत होतं. त्याच्याही आधी, 1997 मध्ये, चित्रपट सुचवणारी ईचमूव्ही बंद झाली तेव्हा लोकांनी चित्रपटांना दिलेले गुण मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना मिळाले आणि त्यांच्या आधाराने मूव्हीलेन्स ही तशीच साइट उभी राहिली. आम्हाला मिळाली एक एक्सपोर्ट फाइल, म्हणजे साठवलेलं उतरवून घ्यायची फाइल. तीत माझे 612 दुवे होते. प्रत्येक दुव्यापुढे, हे का आवडलं, याचा एका ओळीचा शेरा मी स्वतः टाइप केला होता. त्यातला एकही शेरा फाइलमध्ये नव्हता.

उरलेल्या महिन्यांचे पैसे मात्र न मागता परत आले, अगदी दिवसांचा हिशेब करून. त्यासाठी एकाऐवजी दोन तारे देतो. दुसरी कुठलीही अशी साइट घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी बघा: नकाराचं बटण आहे का, आणि पहिल्याच आठवड्यात एक्सपोर्ट करून फाइल उघडा, तुम्ही लिहिलेलं त्यात येतंय का.

मी नऊ संध्याकाळी बसून 440 शेरे हाताने उतरवून घेतले, बाकीचे गेले. डांबराच्या पानावरचा शोधून सगळ्यात आधी घेतला. तिथे मी लिहिलं होतं, "दहावा अजून लोंबतोय. अधूनमधून येऊन बघायचं."