डी अँड डीची २०२४ ची आवृत्ती: दहा महिने, अठरा सेशन

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि आपापलं पात्र वठवत खेळायची साहसकथा. तिचं नवीन 'प्लेयर्स हँडबुक', म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, आमच्या टेबलावर येऊन दहा महिने झाले. महिन्यातून दोन रविवार, दुपारी तीन ते साडेसात, पाच खेळाडू आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रू खेळणारा) मी. परीक्षा, लग्नं आणि गणपती वगळून अठरा सेशन झाली. सहा वर्षं २०१४ च्या नियमांवर खेळल्यावर आम्ही ही उडी मारली, त्यामुळे प्रत्येक बदल अंगावर येऊन जाणवला. "घ्यावं का रे?" असं निदान चार जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगतो. नवीन टेबल, म्हणजे खेळणारा गट, बसवत असाल तर बिनधास्त हीच आवृत्ती घ्या. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, अर्ध्यावर असेल तर ती जुन्याच नियमांनी पूर्ण करा. आम्ही हे दुसरं केलं नाही आणि त्याचा त्रास झाला, त्याबद्दल पुढे सांगतो.

या आवृत्तीने सगळ्यात जास्त भलं केलंय ते फायटरचं, म्हणजे हत्याराने लढणाऱ्या पात्राचं. जुन्या नियमांत फायटर घेणाऱ्याची पाळी आली की तो "मारतो" म्हणायचा, वीस बाजूंचा फासा टाकायचा, डॅमेज सांगायचा आणि पुढच्या पाळीपर्यंत गप्प बसायचा. शेजारी विझार्ड (जादूगार) मात्र दहा स्पेलमधून, म्हणजे मंत्रांमधून, निवड करत असायचा. समोरच्याला आडवं पाडायचं तर फायटरला एक वार सोडून द्यावा लागे, म्हणून ते कुणी करतच नसे. आता प्रत्येक हत्याराला स्वतःचा एक गुण दिलाय, 'वेपन मास्टरी' नावाचा. युद्धकुऱ्हाड लागली की समोरचा पडू शकतो, मोठी दुधारी तलवार हुकली तरी थोडं डॅमेज करतेच, वॉरहॅमर शत्रूला दहा फूट मागे ढकलतो. वार तर होतोच, वर हेही मिळतं.

माझा भाचा नववीत आहे, तो फायटर खेळतो. चौथ्या लेव्हलला असताना दरीवरच्या एका अरुंद पुलावर ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, वाट अडवून उभा होता. भाच्याची कुऱ्हाड लागली. पडायचं नसेल तर ओगरला १४ हवे होते. मी सगळ्यांसमोर फासा टाकला, ९ आले, त्याचे ३ मिळवून १२. भाचा खुर्चीवरून उठून ओरडला, "पाडला!" लगेच 'रोग'ची, म्हणजे चोरट्या पात्राची, पाळी होती. पडलेल्यावर जवळून वार करताना ॲडव्हांटेज मिळतं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि त्यावर 'रोग'चा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जास्त डॅमेजचा वार. ओगर पुन्हा उठलाच नाही. त्या दिवसापासून भाचा प्रत्येक लढाईआधी विचारतो की मागून कोण येणार आहे, म्हणजे कुणाला कधी पाडायचं ते त्याला ठरवता येतं. जुन्या नियमांत हा प्रश्न मी फायटर खेळणाऱ्याच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता.

याची दुसरी बाजूही आहे. पाचव्या लेव्हलला फायटरला दोन वार मिळतात आणि दोन्ही लागले की मला दोनदा सेव्हिंग थ्रो, म्हणजे परिणामातून वाचण्यासाठीचा फासा, टाकावा लागतो. टेबल मंदावतं. मी आता कुऱ्हाडीचा तो आकडा माझ्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलाय आणि डॅमेज मोजलं जात असतानाच फासा टाकून मोकळा होतो. अजून एक, पाडण्याला आकाराची मर्यादाच नाही. नियमाप्रमाणे अवाढव्य ड्रॅगनही कुऱ्हाडीने आडवा होऊ शकतो. ते आमच्या टेबलावर अजून घडलेलं नाही. घडलं तर मी ते मान्य करीन.

लढाईबाहेरही फायटरला हात दिलाय. दुसऱ्या लेव्हलपासून एखादी ॲबिलिटी चेक (एखादं काम जमतं का ते ठरवणारा फासा) फसली तर 'सेकंड विंड', म्हणजे एरवी स्वतःला बरं करायची फायटरची मोजकी ताकद, वापरून दहा बाजूंचा फासा वर टाकता येतो, आणि तरीही फसलीच तर ते सेकंड विंड खर्च होत नाही. पहारेकऱ्याशी बोलायला आता भाचाही पुढे होतो.

बरं करणारे स्पेलही सुधारलेत. 'क्युअर वून्ड्स' पूर्वी आठ बाजूंच्या एका फाशाचं होतं, आता दोन फाशांचं झालं. औषधाची बाटली पिण्यात पूर्वी पाळीतली मुख्य कृती जायची, आता ते बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीत, भागतं. आमच्या क्लेरिकला (बरं करणाऱ्या पुजाऱ्याचं पात्र), म्हणजे माझ्या मावसबहिणीला, पूर्वी वाटायचं की बरं करण्यात पाळी फुकट गेली. आता तसं वाटत नाही. आठ लांडगे बोलावणारं 'कन्ज्युअर ॲनिमल्स' गेलं आणि त्याजागी एक आत्मरूपी कळप आला. आठ लांडग्यांचे वेगवेगळे फासे टाकत ज्यांनी अर्धा तास काढलाय, त्यांना हे किती सुखाचं आहे ते सांगायला नको.

राक्षसांच्या बाबतीत मात्र सावध राहा. 'मॉन्स्टर मॅन्युअल' फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, ५०० हून जास्त जीव आहेत आणि मांडणी सुरेख आहे. पण बरेच प्राणी आता वार लागला की सेव्हिंग थ्रो न देताच परिणाम करतात. साधा लांडगा घ्या. पूर्वी चावा लागल्यावर ११ आणले की माणूस उभा राहायचा. आता चावा लागला की तो पडलाच. पहिल्या लेव्हलच्या टोळीवर मी चार लांडगे सोडले, जुन्या हिशेबाने. दुसऱ्या राउंडला तीन जण जमिनीवर होते आणि विझार्डचे हिट पॉइंट, म्हणजे उरलेला जीव, शून्यावर. मी तिथे दोन लांडगे पळवून लावले, कारण आकडे नवीन पुस्तकातून घेतले होते आणि अंदाज जुना लावला होता. नवीन पुस्तक घेतल्यावर पहिले काही सेशन शत्रू कमीच ठेवा.

मला मनापासून खटकलेली गोष्ट बॅकग्राउंडची, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याची. पूर्वी ॲबिलिटीचे (ताकद, बुद्धिमत्ता वगैरे क्षमतांचे) वाढीव गुण पात्राच्या वंशावर, म्हणजे ते माणूस आहे की एल्फ यावर, अवलंबून असायचे. ते काढलं हे उत्तम झालं. पण तेच गुण आता सोळा बॅकग्राउंडना बांधलेत. मावसबहिणीला दुसरं कॅरेक्टर शेतकऱ्याच्या मुलीचं करायचं होतं, आजीच्या जुन्या पोथ्या वाचून जादू शिकलेली विझार्ड. पुस्तकातला शेतकरी ताकद, काटकपणा आणि शहाणपण वाढवतो. विझार्डला लागते ती बुद्धिमत्ता त्या यादीत नाही. आमच्यातल्या तिघांची घरं अजून शेतीवर चालतात. शेतकऱ्याच्या पोरीला बुद्धीचा एकही गुण का मिळू नये, हे तिने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीएमसाठीच्या 'डंजन मास्टर्स गाइड' या वेगळ्या पुस्तकात नवीन बॅकग्राउंड बनवण्याची पद्धत दिली आहे, तिच्या आधारे आम्ही आमचा शेतकरी बनवला. पण खेळाडूचं पुस्तक एवढंच विकत घेतलेल्याला ही वाट दिसत नाही. ती तिथेच छापायला हवी होती.

आता आमची चूक. सहाव्या लेव्हलला पोचलेली जुनी कॅम्पेन आम्ही एका रविवारी नवीन नियमांवर आणली. आमचा पॅलाडिन (धर्मयोद्ध्याचं पात्र) पूर्वी प्रत्येक लागलेल्या फटक्यावर 'डिव्हाइन स्माइट', म्हणजे दैवी शक्तीचं वाढीव डॅमेज, लावायचा. नवीन नियमांत तो स्पेल झाला, त्याला बोनस ॲक्शन लागते, म्हणजे एका पाळीत एकदाच. नियम म्हणून तो बदल मला पटतो, एका पाळीत मुख्य खलनायक संपायचा तो प्रकार थांबला. पण ज्याने पाच लेव्हल त्या पॅलाडिनवर जीव लावला होता, त्याच्या हातून मी तो मधेच काढून घेतला. तो काही बोलला नाही. पुढची दोन सेशन मात्र शांत बसून होता. शेवटी त्याला आम्ही जुना स्माइट परत दिला, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पुस्तक म्हणून बोलायचं तर ३८४ पानं आहेत, जुन्यात ३२० होती. खेळायचं कसं हे आधी येतं आणि कॅरेक्टर बनवणं नंतर. शिकवताना हा क्रम फार उपयोगी पडला. शेवटी नियमांचा अकारविल्हे कोश आहे, माझं पुस्तक आपोआप तिथेच उघडतं. गाइडमधले 'बॅस्टियन', म्हणजे पाचव्या लेव्हलपासून मिळणारा स्वतःचा वाडा किंवा गढी, आम्ही दोनदा वापरून सोडून दिले.

पैसे घालण्याआधी एक करा. मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.२, एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे. बाराही क्लास (फायटर, विझार्ड असे पात्रांचे प्रकार) आहेत, प्रत्येकाचा एकेक सबक्लास, म्हणजे उपप्रकार, आहे. त्यावर तीन-चार सेशन खेळून बघा. जमलं तर खेळाडूचं एक पुस्तक टेबलामध्ये मिळून घ्या, राक्षसांचं डीएमने घ्यावं, गाइड नंतर घेतलं तरी चालतं.

हाफ-एल्फ, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा एल्फ असा वंश, नवीन पुस्तकात नाही. आमच्यात बार्ड (गाणारं, जादू करणारं पात्र) खेळणारीची शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, सहा वर्षं जुनी आहे, कडा पिवळ्या पडल्यात, वर पेनाने हाफ-एल्फ लिहिलंय. जुन्या पुस्तकातला वंश नवीन नियमांत चालतो, ॲबिलिटीचे गुण तेवढे बॅकग्राउंडवरून घ्यायचे. तिला नवीन शीट छापून दिली तेव्हा तिने पहिल्यांदा तोच शब्द उतरवला. म्हणून २०१४ चं पुस्तक अजून टेबलावरच असतं, नवीन पुस्तकाच्या खाली.