धर्मादाय रुग्णालयांची निर्धन रुग्ण योजना: खाटेपेक्षा निधीचा हिशेब बघा

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना चांगली आहे, हे आधीच सांगतो. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत), १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत). तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही. रिकाम्या खाटा धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसतात.

पण खाट रिकामी असूनही 'आयपीएफ संपला', म्हणजे गरीब रुग्णांच्या उपचारांसाठीचा निर्धन रुग्ण निधी संपला, हे उत्तर मिळतं. म्हणून हा निधी कसा भरतो आणि कसा आटतो, ते समजून घ्यायलाच हवं.

निर्धन आणि दुर्बल रुग्ण सोडून बाकी सगळ्यांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम, काहीही वजा न करता, या निधीत जमा करायची असते. महिन्याची बिलं ५ कोटींची असतील तर १० लाख. वजावटीनंतरच्या रकमेवर २ टक्के काढले की निधी सुरुवातीलाच लहान होतो.

खरी गळती मात्र खर्चाच्या बाजूला असते. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, चादरी, वीज-पाणी, साफसफाई, नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णालय देत असेल तर जेवण, याचे पैसे लावायचेच नाहीत. औषधं, इम्प्लांट आणि इतर वापराचं साहित्य खरेदी किमतीला, बाकी सेवा सर्वात खालच्या वर्गाच्या दराने. समजा, रुग्णालयाला ४० हजारांना पडलेलं इम्प्लांट छापील किमतीने, ९० हजारांना निधीवर टाकलं. ५० हजार रुपये गरिबांच्या निधीतून निघून रुग्णालयाकडेच परत गेले! वर्षाच्या ताळेबंदात हे दिसत नाही, तिथे फक्त एकूण खर्च असतो. ते दिसतं एकेका रुग्णाच्या तपशीलवार बिलात.

त्यामुळे बिल शून्य आलं तरी बाबवार प्रत मागून घ्या आणि खाटेचं भाडं लावलंय का, ते आधी पाहा. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, साहित्य, इम्प्लांटच्या बिलाचा किमान ५० टक्के भाग भरावा लागतो. तिथे चुकीची किंमत थेट त्याच्या खिशातून जाते. नकार मिळाला तर तो लेखी मागा. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका जोडून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या, त्यात त्या महिन्याची जमा आणि शिल्लक दोन्ही विचारा.

योजनेला पाचपैकी ४. हिशेबाच्या उघडपणाला २, कारण मागितल्याशिवाय बाबवार बिल हाती येत नाही.