स्लॅग सिमेंट: किनाऱ्यावरच्या घरात एक पावसाळा काढल्यानंतर

देवगडला खाडीला लागूनच आमचं घर आहे. गेल्या हिवाळ्यात पडवीचे खांब, वरचा छोटा स्लॅब आणि पाण्याची टाकी अशी तिन्ही कामं पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये केली. अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी पार पडली, म्हणून आता लिहितोय.

समुद्राजवळ बांधत असाल तर गोणीवरच्या '५३ ग्रेड'ला भुलू नका. तो आकडा २८ दिवसांनंतरची ताकद सांगतो. खाऱ्या वाऱ्यात सळई किती टिकेल, हे त्यातून कळत नाही. आमचे जुने खांब भार पेलायला कमी पडले नव्हते. खार आत झिरपला, सळई गंजली आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचं काँक्रीट पोपडे धरून सुटलं. स्लॅग सिमेंटमध्ये लोखंड करताना झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजेच स्लॅग, दळून घातलेली असते. नीट पाणी मारलं तर काँक्रीट आतून दाट होतं आणि खार शिरायला वेळ लागतो.

साचे काढले तेव्हा खांब निळसर-हिरवे दिसले. शेजारचे काका म्हणाले, काँक्रीट बिघडलं. तो स्लॅगचाच रंग असतो, हवा लागली की जातो. आमचे खांब आता राखाडी आहेत. हे सिमेंट ताकद सावकाश धरतं हा मात्र खरा त्रास. साचे आणि टेकू जास्त दिवस ठेवावे लागतात, शटरिंगवाला कुरकुरतो. तरी घाई करू देऊ नका. गोणपाट घालून दोन आठवडे पाणी मारा.

प्रमाणाचं म्हणाल तर सगळीकडे ऐकू येणारं १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) म्हणजे एम-२० दर्जाचं काँक्रीट, एमपुढचा आकडा ताकदीचा. किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, आयएस ४५६ हे भारतीय मानक एम-३० मागतं, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर) मागतं, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या फार तर ०.४५ पट, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर. वाळूतला ओलावाही त्यातच धरायचा. एम-३० घमेल्याच्या अंदाजाने होत नाही, इंजिनिअरकडून मिक्स ठरवून घ्या. खाडीची वाळू अजिबात नको. आम्ही क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरली, तिने माल घट्ट होतो, आणि गवंडी लगेच म्हणतो, "वायच पाणी घालूया, माल सरकत नाय." तिथे पाण्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, घाला. मी बालदीवर खूण करून स्वतः उभा राहिलो. सळई नसलेल्या खळ्याला, तुळशीच्या ओट्याला एवढा खटाटोप नको. तिथे पीपीसी (राख मिसळलेलं नेहमीचं सिमेंट) आणि १:२:४ पुरतं.

खांबांवर गंजाचा डाग नाही, टाकी कुठे पाझरत नाही. टाकीच्या माथ्यावरच्या प्लास्टरला केसाएवढ्या चिरा आहेत, बहुधा उन्हात ते लवकर सुकलं म्हणून. खारापासून सळई वाचते की नाही, हे एका पावसाळ्यात कळणार नाही, त्याला वर्षं जावी लागतील.

आमच्या भागातले दुकानदार बहुतेक पीपीसीच ठेवतात, स्लॅग आधी सांगून मागवावं लागतं. गोणीवर आयएस ४५५ (स्लॅग सिमेंटचं मानक) आहे ना आणि कुठल्या आठवड्यात भरली ते बघा. तीन महिन्यांपुढची गोणी आरसीसीला घेऊ नका.